एलएसयू, पेन स्टेट की फ्लोरिडा: हेड कोचसाठी खरी भारी नोकरी कोणती?

चौथा_डाउन

(आधीच सांगतो, फुटबॉल म्हणजे अमेरिकेतलं हेल्मेटवालं, आणि तेही कॉलेजांचं. मेस्सीप्रेमींनी माफ करावं.)

२०२५ च्या ऑक्टोबरात लागोपाठ तीन रविवारी तीन मोठ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. १२ तारखेला पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला घरी पाठवलं, १९ ला फ्लोरिडाने बिली नेपियरला आणि २६ ला एलएसयूने (लुईझियाना स्टेट) ब्रायन केलीला. आता तिथे अनुक्रमे मॅट कॅम्पबेल, जॉन समरॉल आणि लेन किफिन बसलेत. कोण किती लायक यावर दुसरीकडे भरपूर दळून झालंय. इथे माणूस बाजूला ठेवू आणि फक्त नोकरी तोलू. तिन्हीकडून एकाच दिवशी पत्र आलं तर सही कुठे करावी, आणि का?

माझं मत एलएसयू. कारण एकच, पण वजनदार. लुईझियानात पॉवर कॉन्फरन्समधलं, म्हणजे बड्या चार साखळ्यांपैकी एकीतलं, दुसरं विद्यापीठच नाही. दरडोई एनएफएल (व्यावसायिक लीग) खेळाडू देण्यात हे राज्य कायम वरच्या फळीत असतं, आणि तिथल्या पोराला लहानपणापासून एलएसयूचा जांभळा-सोनेरी रंगच ठाऊक असतो. शिवाय ह्यूस्टन गाडीने चार-पाच तासांवर. फ्लोरिडा राज्यात खेळाडू कितीतरी जास्त, पण वाटेकरीही तसेच: फ्लोरिडा स्टेट, मायामी, यूसीएफ. वर जॉर्जिया आणि अलाबामा रोज येऊन पोरं उचलून नेतात. पेन स्टेटचं गाव डोंगरात. फिलाडेल्फिया साधारण १९० मैल, पिट्सबर्ग १४०. खरी भरती न्यू जर्सी, मेरीलँड आणि वॉशिंग्टनच्या आसपासच्या पट्ट्यातून करायची, म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणातून.

निक सेबन २००३, लेस माइल्स २००७, एड ऑर्जरॉन २०१९. एलएसयूच्या लागोपाठ तीन कोचनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. तिघांच्या पद्धती एकमेकांशी जराही जुळत नाहीत. म्हणजे यश खुर्चीत आहे, माणसात नाही, असं म्हणायला जागा आहे.

लाल_झेंडी

अर्धं सांगितलंत. त्या तिघांपैकी दोघांना एलएसयूनेच काढलं. माइल्सला २०१६ च्या मोसमात चार सामने झाल्यावर. ऑर्जरॉनने १३ जानेवारी २०२० ला करंडक उचलला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मोसम संपला की जा’ असं जाहीर झालं. दोन वर्षंसुद्धा नाही. केलीचा हिशोब ३४ विजय, १४ पराभव. बऱ्याच ठिकाणी या आकड्यावर करार वाढवून देतात.

तेव्हा जिंकणं सोपं असलेली नोकरी आणि टिकणं सोपं असलेली नोकरी या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा क्रम फक्त पहिलीचा आहे.

मैदानाबाहेरची

फुटबॉल थोडंफार समजतं, पण केलीसारख्या कामावरून काढलेल्या माणसाला ५ कोटी ४० लाख डॉलर कसे मिळतात ते नाही. रुपयांत साडेचारशे कोटींच्या वर गेलं की हे! कुणी समजावेल का?

करारातली_बारीक_अक्षरं

@मैदानाबाहेरची, करार १० वर्षांचा आणि साधारण साडेनऊ कोटी डॉलरचा होता. कारण न देता काढलं तर उरलेल्या रकमेचा ठरलेला टक्का द्यायचा, हाच बायआउट. केलीच्या बाबतीत तो ९० टक्के. चार मोसम पुरे व्हायच्या आत काढलं, म्हणजे सहा वर्षं शिल्लक. गुणाकार करून बघा.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. खरी किंमत दोन कलमांत असते. पहिलं, काढल्यावर कोचने दुसरी नोकरी शोधायलाच हवी का? दुसरं, नव्या नोकरीचा पगार जुन्या मालकाच्या देण्यातून वजा होतो का? ही दोन्ही कलमं असतील तर मोठा आकडा बराचसा कागदावरच राहतो. फ्रँकलिनला पेन स्टेट ४ कोटी ९० लाखांच्या आसपास देणं लागत होतं. १७ नोव्हेंबरला तो व्हर्जिनिया टेकला गेला आणि प्रकरण ९० लाखांवर मिटलं.

याच्या उलट टोकाला जिम्बो फिशर. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने काढलं तेव्हा दोन्ही कलमं नव्हती. ६० दिवसांत १ कोटी ९२ लाख रोख आणि पुढे २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. दुसरीकडे काम केलं तरी एक पैसा कमी होणार नाही. एकूण ७ कोटी ६८ लाख.

केलीच्या करारात नोकरी शोधण्याची अट होती. एलएसयूने आधी कमी रकमेत तडजोड करायचा प्रयत्न केला, मग ‘अजून औपचारिकरीत्या काढलेलंच नाही’ असा पवित्रा घेतला. केली कोर्टात गेला, आणि नोव्हेंबरअखेर विद्यापीठाने ‘विनाकारण काढलं’ हे लेखी मान्य केलं. नव्या कोचने यातून एवढंच शिकावं की काढण्याची नोटीस कोण देणार, कुणाच्या सहीने आणि किती दिवसांत, हे करारातच लिहून घ्यावं. एजंट लोक रकमेवर भांडतात आणि हे वाक्य सोडून देतात.

लाल_झेंडी

आणि ती सही कोण करणार हाच एलएसयूचा मूळ रोग. केलीला काढल्यावर तीन दिवसांत राज्यपाल जेफ लँड्री यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की पुढचा कोच एडी (विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख) स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड गेले. व्हर्ज ऑसबेरी आले. विद्यापीठाला नवा अध्यक्षही त्याच सुमारास मिळाला. म्हणजे हेड कोचला उत्तर द्यायचं एडीला, अध्यक्षाला, बोर्ड ऑफ सुपरवायझर्सला, मोठ्या देणगीदारांना आणि वरून राज्यपालाला. पुजारी बदलला तरी विश्वस्त तेच राहतात, आणि नारळ कुणी फोडायचा यावर त्यांचंच एकमत नसतं.

चौथा_डाउन

हे मान्य. पण राज्यपाल लक्ष घालतो म्हणजे पैसाही येतो, हेही तितकंच खरं. किफिनचा करार सात वर्षांचा, ९ कोटी १० लाखांचा. आधीच्या नोकरीत, ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ), प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी) मिळाला असता तो बोनससुद्धा एलएसयूने देऊ केला. इतकी घाई गरिबाला परवडत नाही.

हिशोबनीस_बाई

कोचचा पगार बाजूला ठेवा. नोकरी तोलताना मी आधी खेळाडूंचा पैसा बघेन.

६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांची मिळून. नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांचे २५ लाखांपर्यंत त्याच मर्यादेत धरले जातात. ते गेले तर हातात उरले १ कोटी ८० लाख. सगळीकडे चर्चा होते त्या सूत्राप्रमाणे फुटबॉलला ७५ टक्के धरले तर १ कोटी ३५ लाख. फुटबॉलचा संघ आता जास्तीत जास्त १०५ जणांचा. सरसकट वाटलं तर माणशी सव्वा लाखाच्या थोडं वर, पण सरसकट कुणीच वाटत नाही. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा), डावा टॅकल (त्याचा रक्षक) आणि पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) हेच मोठा घास घेतात.

ही मर्यादा एलएसयूला तीच, फ्लोरिडाला तीच, पेन स्टेटलाही तीच. मग फरक कुठे पडतो? मर्यादेच्या वर, बाहेरच्या जाहिरात करारांत. ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक करार एनआयएल गो या यंत्रणेत नोंदवायचा. डेलॉइट ती चालवते आणि कॉलेज स्पोर्ट्स कमिशन निर्णय देतं. धंद्याचं खरं कारण आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, एवढं बघितलं जातं. ‘आमच्या देणगीदारांचा क्लब पोराला पाच लाख देईल’ असं नुसतं म्हटलं की करार अडकतो. गाडीच्या शोरूमची खरी जाहिरात, खऱ्या तारखा, खरा मोबदला असेल तर सुटतो. म्हणून ज्या शहरात किंवा राज्यात मोठे व्यावसायिक माजी विद्यार्थी आहेत त्या विद्यापीठाचं पारडं जड. एलएसयूचं बॅटन रूज राज्याची राजधानी आहे, पेट्रोकेमिकलचा पट्टा शेजारी आहे. गेन्सविल हे फ्लोरिडा विद्यापीठाचंच गाव, पण माजी विद्यार्थी टॅम्पा, ऑर्लँडो, जॅक्सनविलभर पसरलेत. पेन स्टेटचे माजी विद्यार्थी संख्येने प्रचंड, पण न्यूयॉर्क-फिलीला. त्यांना गोळा करायला स्वतंत्र माणूस लागतो.

अवांतर: कर विसरू नका. फ्लोरिडात राज्याचा आयकर शून्य. लुईझियानात २०२५ पासून सरसकट ३ टक्के, पेनसिल्व्हेनियात ३.०७. किफिनच्या १ कोटी ३० लाखांवर ३ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख ९० हजार. कोचला त्याने फार फरक पडत नाही, पण दोन-तीन लाख मिळवणाऱ्या लाइनमनच्या आईवडिलांना फ्लोरिडावाले हाच हिशोब कागदावर मांडून दाखवू शकतात.

निटनी_पट्टा

पेन स्टेटला तिसरं टाकणाऱ्यांना माझा विरोध.

फ्रँकलिनचा हिशोब १०४-४५. जानेवारी २०२५ मध्ये प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नोट्र डेमकडून २४-२७ असा निसटता पराभव. त्याला काढण्याचं कारण वेगळं होतं. पहिल्या दहातल्या संघांविरुद्ध ४-२१, ओहायो स्टेटविरुद्ध १-१०. २०२५ ची सुरुवात दुसऱ्या क्रमांकाने झाली आणि मग ओरेगॉन, तोवर एकही सामना न जिंकलेलं यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न असे ओळीने तीन पराभव. म्हणजे पाया भक्कम आहे, बहुतेक वर्षी नऊ-दहा विजय होतात, आणि मालकाला हवंय ते वरचं एक पाऊल. कोणत्याही कोचला यापेक्षा चांगली सुरुवात कुठे मिळणार?

आता वेळापत्रक बघा. बिग टेनमध्ये (पेन स्टेटची साखळी) पेन स्टेटला एकही कायमची लढत नाही. ओहायो स्टेट दर वर्षी समोर येईलच असं नाही. फ्लोरिडाचं काय? २०२६ पासून एसईसीत (फ्लोरिडा आणि एलएसयूची साखळी) नऊ सामने, त्यात जॉर्जिया, साउथ कॅरोलिना आणि केंटकी कायमचे. वर फ्लोरिडा स्टेट आहेच. जॉर्जियाविरुद्ध फ्लोरिडा २०२१ पासून ओळीने पाच वेळा हरलंय. एलएसयूला कायमचे टेक्सस ए अँड एम, ओल मिस आणि आर्कन्सॉ. १२ संघांच्या प्लेऑफमध्ये दोन पराभव झेलता येतात, तिसऱ्याला धाकधूक सुरू होते. त्यामुळे सोपं वेळापत्रक म्हणजे थेट पैसा आहे.

पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमवर ७० कोटी डॉलरचं नूतनीकरण चालू आहे, २०२७ पर्यंत संपवायचा बेत आहे.

चौथा_डाउन

स्टेडियमचं कौतुक पुरे. बीव्हरमध्ये १ लाख ६ हजार बसतात, एलएसयूच्या टायगर स्टेडियममध्ये १ लाख २ हजार, फ्लोरिडात ८८ हजार. रिक्रूटला (भरती करायच्या पोराला) यातलं काहीही दिलं तरी तो भारावून जातो. फरक पडतो तो आठवडाभर जिथे घाम गाळायचा त्या इमारतीचा. फ्लोरिडाचं साडेआठ कोटींचं हेवनर सेंटर २०२२ ला उघडलं. बाकीचे त्याआधीच पुढे गेले होते.

पोर्टलवाला

निटनीभाऊ, पाया भक्कम होता. डिसेंबरात तो कुठे होता ते सांगतो.

कोच कधी बदलला यावर पहिलं वर्ष ठरतं. हायस्कूलच्या पोरांनी कॉलेज पक्कं करायचा सह्यांचा दिवस ३ डिसेंबर २०२५. पेन स्टेटची शोधमोहीम ऑक्टोबरच्या मध्यापासून चालू होती, फ्लोरिडापेक्षा एक आणि एलएसयूपेक्षा दोन आठवडे आधी. मग बीवायूचे कोच कलानी सिताके यांनी तिथेच राहायचं ठरवलं आणि कॅम्पबेलचं नाव ठरलं ५ डिसेंबरला. सह्यांच्या दिवशी पेन स्टेटच्या पदरात पडले दोन खेळाडू. दोन! ज्यांनी तोंडी होकार दिला होता त्यातले बरेच फ्रँकलिनमागे व्हर्जिनिया टेकला गेले. लवकर काढायचा फायदा तेव्हाच, जेव्हा पुढचा माणूस नोव्हेंबरात तयार असतो.

पुढची दुरुस्ती पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून. आता वर्षाला एकच खिडकी, २ ते १६ जानेवारी. एप्रिलची बंद. म्हणजे वसंतातल्या सरावात भोक दिसलं तरी बुजवायला खेळाडू मिळणार नाही. कॅम्पबेलने आयोवा स्टेटमधले आपलेच डझनभराहून जास्त खेळाडू आणले, क्वार्टरबॅक रॉको बेक्टसकट. यात दोन फायदे: खेळाची भाषा नव्याने शिकवावी लागत नाही, आणि ड्रेसिंग रूममध्ये कोचची पद्धत ठाऊक असलेली माणसं पहिल्या दिवसापासून असतात. तोटा असा की आयोवा स्टेटच्या पातळीचे सगळेच ओहायो स्टेटसमोर टिकतील असं नाही, आणि जुन्या खेळाडूंत ‘तुमचे-आमचे’ सुरू होतं. फ्लोरिडातून डीजे लॅगवेसारखा क्वार्टरबॅक बेलरला गेला. समरॉलला तिथून सुरुवात.

यात सगळ्यात जास्त बिघडते ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढची पाच जणांची भिंत. पाच जणांनी एकत्र खेळून एकमेकांची पावलं ओळखायला महिने लागतात. क्वार्टरबॅक विकत मिळतो, एकजीव झालेली लाइन मिळत नाही. नोकरी बघायला जाणाऱ्या कोचने आधी विचारावं, लाइनमधले किती जण परत येताहेत आणि त्यांचे करार कधीपर्यंत आहेत.

ग्रोव्हची_सावली

सगळे तीनच नोकऱ्या धरून बसलेत. चौथी विसरलात. किफिनने सोडली ती.

ओल मिसचा नियमित मोसम ११-१, संस्थेच्या इतिहासात नियमित मोसमात पहिल्यांदाच अकरा विजय. प्लेऑफ समोर. ३० नोव्हेंबरला किफिन एलएसयूला निघाला, त्याला प्लेऑफपर्यंत कोच राहायचं होतं आणि ओल मिसने नाही म्हटलं. पीट गोल्डिंगला बसवलं. त्यांनी टुलेनला हरवलं, शुगर बोलमध्ये (उपांत्यपूर्व फेरी) जॉर्जियाला हरवलं आणि उपांत्य फेरीत मायामीपाशी थांबले. क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड चँबलिस फेरिस स्टेटमधून, म्हणजे खालच्या, दुसऱ्या श्रेणीच्या विभागातून आलेला. सांगा आता, भारी नोकरी कुठली होती?

लाल_झेंडी

तरीही किफिन गेला त्यामागे हिशोब होता. मिसिसिपीच्या कायद्याने राज्याच्या नोकरीतल्या कोचला चार वर्षांपेक्षा जास्त करार देता येत नाही. दर वर्षी एक वर्ष वाढवत राहायचं. एलएसयूने सात दिली. शिवाय ओल मिसने एसईसी शेवटची जिंकली १९६३ साली. एका चांगल्या मोसमावरून नोकरी तोलू नये.

हिशोबनीस_बाई

इतिहासावरूनही तोलू नये मग. इंडियाना! वरच्या पातळीवर एकेकाळी सर्वाधिक पराभव नावावर असलेला संघ, २०२३ मध्ये ३-९. कर्ट सिग्नेटी आला, २०२४ ला ११-२, आणि २०२५ चा मोसम अपराजित राहून मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेता. पेन स्टेटची खुर्ची रिकामी झाली त्याच आठवड्यात इंडियानाने सिग्नेटीला आठ वर्षांचा नवा करार देऊन टाकला. तो दुसरीकडे जाणार की नाही याची चर्चा तिथेच संपली.

निटनी_पट्टा

इंडियानाचा दाखला अपवाद म्हणून ठीक. सिग्नेटीने जेम्स मॅडिसनचे अनुभवी खेळाडू सोबत आणले, पुढच्या वर्षी कॅलमधून (बर्कलीचं विद्यापीठ) क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आणला आणि त्याने हाइजमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला. असा क्वार्टरबॅक दर वर्षी सापडत नाही.

लाल_झेंडी

फ्लोरिडाबद्दल कुणी धड बोललंच नाही, म्हणून. अर्बन मायर २०१० नंतर गेल्यापासून मस्चँप, मॅकएल्वेन, मलन, नेपियर असे चौघे झाले आणि कुणीही चार मोसमांच्या पलीकडे गेला नाही. मॅकएल्वेनने पहिल्या दोन्ही वर्षी एसईसी ईस्ट (साखळीचा तेव्हाचा पूर्व गट) जिंकली, तिसऱ्या मोसमात मध्येच गेला. मलनने लागोपाठ तीन वर्षं संघ मोठ्या बोलमध्ये (मोसमानंतरचा मानाचा सामना) नेला, चौथ्यात गेला. नेपियर २२-२३ वर. त्याच्याबाबत तक्रार अशी की शेवटपर्यंत आक्रमणाचे डाव स्वतःच पुकारत राहिला. वेळेचं नियोजन, चौथ्या डाउनचे (शेवटच्या प्रयत्नाचे) निर्णय, दंड या सगळ्यावर लक्ष द्यायला हेड कोच मोकळा राहिलाच नाही. २०२४ पासून मैदानावर शिकवणाऱ्या साहाय्यकांच्या संख्येवर बंधन उरलेलं नाही, तेव्हा हे काम दुसऱ्याकडे न देण्याला सबबच नव्हती. बाहेर फिरून भरती करणारे मात्र अजूनही हेड कोच धरून अकराच.

समरॉलच्या जागी मी असतो तर पगार थोडा कमी घेऊन साहाय्यकांसाठीची रक्कम वाढवून मागितली असती, आणि ती करारात वर्षागणिक लिहून घेतली असती.

करारातली_बारीक_अक्षरं

+१. आणि एक कलम आता प्रत्येक उमेदवाराने मागावं: प्लेऑफमधल्या संघाचा कोच दुसरीकडे निघाला तर तो संघाबरोबर राहणार की नाही. २०२५ मध्ये दोन्ही नमुने दिसले. किफिनला ओल मिसने थांबू दिलं नाही. समरॉल फ्लोरिडाचा होऊनही त्याच्या आधीच्या टुलेनने त्याला प्लेऑफमध्ये कोच राहू दिलं, आणि तो सामना टुलेन हरलं ओल मिसकडूनच, ४१-१०. समरॉलला त्या तीन आठवड्यांत दोन विद्यापीठांचं काम करावं लागलं, तेही पोर्टल उघडण्याच्या तोंडावर. त्यामुळे नव्या मालकाने हे मान्य करताना भरतीचा प्रमुख आणि जनरल मॅनेजर पहिल्या दिवसापासून नव्या जागी बसवायची अट घालावी. नाहीतर २ जानेवारीला फोन उचलायला कुणी नसतं.